समुद्रतळाची वाळू आणि किनाऱ्यावरील श्रमिक



२०२४ च्या अखेरीस केरळमधील कोल्लमच्या मच्छीमारांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील हॉलसँड्स या कोळ्यांच्या गावाने पूर्वीच भोगलेला आहे. १८९७ साली नौदलाच्या गोदीच्या बांधकामासाठी त्या गावासमोरील समुद्रातून वाळू-गोटे उपसण्यास प्रारंभ झाला. पडलेले खड्डे समुद्र आपोआप भरून काढील, अशी ग्वाही देण्यात आली. समुद्राने ते भरले नाहीत. किनारा खचत गेला. १९०२ मध्ये परवाना रद्द झाला. तरीही जानेवारी १९१७ च्या वादळात गाव उद्ध्वस्त झाले.

समुद्रतळाची वाळू म्हणजे निर्जीव ढिगारा नव्हे. तिच्यातील शिंपले, कृमी व खेकडे यांवर मासळी पोसते. उपसा करणारे जहाज हा सारा थरच शोषून घेते. जहाजातून परत सांडणारा बारीक गाळ दूरवर पसरतो, प्रकाश अडवतो आणि माशांची अंडी गाडून टाकतो. उपसा किनाऱ्याजवळ झाला, तर लाटांचा मारा वाढतो.

ही हानी मर्यादित ठेवता येते. नेदरलँड्समध्ये उपसा सामान्यतः वीस मीटर खोलीच्या रेषेपलीकडेच होतो. ब्रिटनमध्ये १९९३ पासून प्रत्येक उपसा-जहाजाच्या हालचालींची यांत्रिक नोंद सक्तीची आहे. तळाची पूर्वपाहणी, मूळ जातीच्या वाळूचा थर शिल्लक ठेवणे, माशांच्या विणीच्या हंगामात काम बंद ठेवणे आणि हानी दिसताच उपसा थांबविणे, हे उपाय सर्वज्ञात आहेत.

मग आपल्याकडे काय घडले? २०२३ च्या कायदादुरुस्तीने समुद्रातील खनिजे लिलावाद्वारे पन्नास वर्षांच्या पट्ट्याने खाजगी भांडवलास खुली केली. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी पुकारलेल्या तेरा खंडांच्या पहिल्या लिलावात बांधकामाच्या वाळूचे तीन खंड कोल्लमसमोरील होते. कोळंबी, माकूल व राणी माशांसाठी प्रसिद्ध असलेले हे मासेमारीचे क्षेत्र. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी केरळच्या मच्छीमारांनी किनारा बंद ठेवला, आणि ४ मार्च रोजी विधानसभेने एकमताने विरोध नोंदविला.

वाळूची गरज कोणी नाकारीत नाही. घरे व पूल तिच्यावाचून उभे राहणार नाहीत. परंतु पूर्वपाहणी लिलावाआधी झाली पाहिजे, तिचे निष्कर्ष मच्छीमारांना त्यांच्या भाषेत मिळाले पाहिजेत आणि उपसा थांबविण्याच्या निर्णयात त्यांचा अधिकार असला पाहिजे. हॉलसँड्सच्या कोळ्यांना हा अधिकार नव्हता. कोल्लमच्या कोळ्यांनी तो संघटित होऊन मागितला आहे, आणि देशाच्या साऱ्या किनाऱ्यांवरील श्रमिकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहणे अगत्याचे आहे.