व्हिसाची फाइल आपली आपण लिहावी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

मी कोल्हापूरचा एक लहान फौंड्रीवाला. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा ओतकामाचा कारखाना आहे. पंपांची आणि व्हॉल्व्हची बिडाची कास्टिंग आम्ही करतो. परदेश प्रवासावर भाषण द्यावे असा काही माझा अधिकार नाही. पण व्यवसायासाठी युरोपला जाण्याचा व्हिसा एकदा नाकारला जाणे आणि एकदा मिळणे, हे दोन्ही अनुभव माझ्या गाठीशी आहेत. पहिल्या अनुभवाची किंमत मी चार वर्षे मोजली. ती दुसऱ्या कोणाला मोजावी लागू नये, एवढ्यासाठी आज बोलतो आहे.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फ नावाचे शहर आहे. तिथे गिफा हे फौंड्री उद्योगाचे जगातले सर्वांत मोठे प्रदर्शन भरते. हे प्रदर्शन दरवर्षी नसते, चार वर्षांतून एकदा असते. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना ते आपल्या जत्रेसारखेच वाटते. नवी यंत्रे तिथे बघायला मिळतात, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गिऱ्हाईक तिथे समोरासमोर भेटते. २०१५ च्या जूनमध्ये मी जायचे ठरवले होते. पंप बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीशी माझा दोन वर्षे पत्रव्यवहार चालू होता. नमुने पाठवून झाले होते, दरही जवळजवळ ठरले होते. त्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांनी प्रदर्शनात भेटीचा दिवस आणि वेळसुद्धा कळवली होती.

व्हिसाचे काम मी एका एजंटाकडे दिले. कारखाना सोडून कागद कोण गोळा करत बसणार, असा माझा विचार. शिवाय उशीरही झालेला. एजंट म्हणाला, “मालक, तुम्ही निर्धास्त राहा. जर्मनीची तारीख लवकर मिळत नाही. शेजारच्या देशाची मिळते. एकदा शेंगेनचा शिक्का बसला की कुठंबी फिरा. फाइल आम्ही बसवतो.”

आणि त्याने फाइल खरोखरच ‘बसवली’. मी ज्या देशात पाय ठेवणार नव्हतो, तिथले चार रात्रींचे हॉटेल दाखवले. जर्मनीत फक्त दोन दिवस दाखवले. बँकेच्या खात्यात शिल्लक कमी दिसते म्हणून मेहुण्याकडून पैसे आणून दहा दिवस ठेवायला सांगितले, तेही मी केले. त्या वेळी आपल्याकडे अर्जदाराला बोटांचे ठसे द्यायला जावे लागत नव्हते. त्यामुळे अर्जावर सही करण्यापलीकडे माझा त्या फाइलशी संबंधच आला नाही.

पासपोर्ट परत आला तेव्हा आत व्हिसा नव्हता. एक छापील कागद होता. त्यावर नकाराच्या कारणांची यादी होती आणि एका कारणापुढे खूण केलेली होती. प्रवासाचा हेतू आणि मुक्काम याविषयी दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, असा त्याचा अर्थ. मला आधी संताप आला. मी वेळेवर कर भरणारा माणूस, शंभरावर कामगारांचे घर माझ्या कारखान्यावर चालते, आणि मला अविश्वासू म्हणतात?

रात्री शांतपणे एजंटाकडून परत आलेली फाइल उघडली आणि पहिल्यांदाच वाचली. प्रदर्शनाचे तिकीट पाच दिवसांचे होते. जर्मन कंपनीचे निमंत्रण त्याच आठवड्याचे होते. हॉटेल मात्र भलत्याच देशातले. खात्यात अर्ज करण्याच्या तोंडावर एकदम मोठी रक्कम आलेली, आणि ती कुठून आली याचा खुलासा नाही. एक कागद दुसऱ्या कागदाला खोटे पाडत होता. आमच्याकडे कास्टिंग वरून गुळगुळीत दिसते, पण मशिनवर चढवले की आतला ब्लोहोल उघडा पडतो. असा माल कोणी पाठवला तर मी स्वतः तो परत करतो. त्या अधिकाऱ्याने वेगळे काय केले होते?

भेटीची ती वेळ टळली. मी ई-मेल करून दिलगिरी कळवली. दोन महिन्यांनी उत्तर आले की काम दुसऱ्या पुरवठादाराला दिले आहे.

आता या अनुभवातून मी जे शिकलो ते सांगतो. आधी शेंगेन म्हणजे काय ते पाहू. शेंगेन हे लक्झेंबर्गमधले मोझेल नदीकाठचे एक छोटे गाव. १४ जून १९८५ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करण्याचा करार तिथे केला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. व्हिसा एकच, हे खरे. पण तो कोणाकडे मागायचा याचा नियम ठरलेला आहे. ज्या देशात तुमचे मुख्य काम किंवा सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सगळीकडे सारखाच असेल तर ज्या देशातून पहिला प्रवेश, त्याच्याकडे. तारीख जिथे लवकर मिळेल तिथे अर्ज, असा नियम कुठेच नाही. माझी पहिली चूक हीच होती.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण चौकशी लागली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. प्रदर्शनाच्या मोसमात अर्ज देण्याची तारीख मिळायलाच काही आठवडे जातात. म्हणजे जूनच्या प्रदर्शनाची तयारी संक्रांतीला सुरू करावी. मी ती मे महिन्यात केली होती.

तिसरी गोष्ट कागदांची. कागद किती जाड, याला महत्त्व नाही. अधिकाऱ्याच्या मनात पाच प्रश्न असतात. कुठे जाणार? कशासाठी? किती दिवस? कोणाच्या पैशाने? आणि परत कशासाठी येणार? प्रत्येक कागद यांतल्या कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर देतो आणि सगळ्या उत्तरांचा मेळ बसावा लागतो.

कुठे आणि कशासाठी, याचे उत्तर म्हणजे तिकडच्या कंपनीचे निमंत्रण. “आपण यावे, आनंद होईल,” एवढे मोघम पत्र उपयोगाचे नाही. तुमचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक, कंपनीचे नाव, दोघांमधला व्यवहार, भेटीच्या तारखा, जागा आणि खर्च कोण करणार, हे त्यात असावे. पत्र लिहिणाऱ्याची सही, हुद्दा आणि फोनही हवा, कारण वकिलातीतून कधीकधी तिथे फोन जातो. आपल्या बाजूचे पत्र कंपनीच्या लेटरहेडवर एका पानाचे असावे. कोणत्या दिवशी कुठे असणार हे त्यात सरळ लिहावे. विमानाचे आणि हॉटेलचे आरक्षण त्याच तारखांचे असावे. तीस हजार युरोपर्यंतच्या उपचारांचा प्रवासी विमा लागतो, तोही मुक्कामाचे सगळे दिवस भरून काढणारा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा.

पैशाचा आणि परतीचा प्रश्न म्हणजे आपला धंदा. जीएसटीची नोंदणी, उद्यम नोंदणी, प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचा उतारा. इथे लहान कारखानदार बिचकतो. आमची कॅश क्रेडिटची खाती नेहमी उणे असतात. उणे आकडा दाखवायची लाज वाटते आणि मग मेहुणा आठवतो. २०१९ साली मी तेच खाते जसे आहे तसे दाखवले. हे खेळत्या भांडवलाचे खाते आहे, मर्यादा इतकी, वापर इतका, असे बँकेचे पत्र जोडले आणि प्रवासखर्चासाठी माझ्या बचत खात्याचा सहा महिन्यांचा उतारा दिला. जुना नकारही लपवला नाही. २०१५ मध्ये काय झाले, चूक कोणती होती, हे चार ओळींत लिहिले. ते लिहिताना हात जड झाला होता, हे कबूल करतो. पण मागचा नकार लपवणे ही नवी लबाडी ठरते, आणि ती सापडली तर पुढची दारेही बंद होतात.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, स्वतः अर्ज दिला, बोटांचे ठसे दिले. अर्ज स्वीकारणारी केंद्रे बहुतेक देशांनी खासगी कंपन्यांकडे सोपवली आहेत. खिडकीवरची मुलगी कागद मोजून घेते, निर्णय तिच्या हातात नसतो. तेव्हा तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही आणि “आपली आत ओळख आहे” म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवण्यातही नाही. बाराव्या दिवशी पासपोर्ट आला. आत व्हिसा होता.

आता थोडे अमेरिकेबद्दल, कारण पुण्या-मुंबईचे बरेच श्रोते तिकडे जातात. तिथे व्यवसायासाठीच्या व्हिसाला बी-१ म्हणतात. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातील २१४ (ब) या कलमानुसार, अर्जदार तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे असे गृहीत धरतात. तसे नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. मुलाखत अवघी काही मिनिटांची असते आणि कागदांपेक्षा बोलण्यावर भर असतो. अर्ज दुसऱ्याने भरलेला असेल आणि त्यात काय लिहिले आहे हेच तुम्हाला ठाऊक नसेल, तर पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होते. म्हणजे दोन्हीकडे गाठ शेवटी आपल्याच अर्जाशी पडते.

व्यवसाय व्हिसा म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. बैठका घ्या, प्रदर्शन पाहा, कराराची बोलणी करा. तिथल्या कंपनीत बसून तिथल्या माणसाचे काम करायचे असेल तर त्याचा व्हिसा वेगळा. २०१३ साली इन्फोसिससारख्या मोठ्या कंपनीला बी-१ व्हिसाच्या वापरावरून निघालेल्या प्रकरणात अमेरिकी सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. व्हिसाच्या गैरवापराचा आरोप कंपनीने नाकारला, कागदपत्रांतल्या चुका मात्र मान्य केल्या. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, मग आपण कोण?

आणखी एक. व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळालाच असे नाही. विमानतळावरचा अधिकारी पुन्हा तेच पाच प्रश्न विचारू शकतो. निमंत्रण, विमा आणि परतीचे तिकीट यांच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्या, सामानात नाही. शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि तुमच्या व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिलेले असतील तर तेवढेच तुमचे. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमांवर येण्याजाण्याची नोंद संगणकावर घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली, त्यामुळे दिवसांची गफलत लपत नाही. उलट नियमाने वागणाऱ्याचा फायदाही आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपने भारतीयांसाठी नियम सैल केले. तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढे दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येईल असा व्हिसा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत मात्र तेवढी शिल्लक हवी.

ड्युसेलडॉर्फला २०१९ साली त्या जर्मन कंपनीचे अधिकारी मला भेटले. त्यांनी मला ओळखले. म्हणाले, “त्या दिवशी आम्ही तुमची वाट पाहिली होती.” मी खरे कारण सांगितले. ते हसले, पण जे काम गेले ते गेलेच होते. दुसरा पुरवठादार चार वर्षे नीट माल देत होता, त्याला का काढतील? त्यांनी मला एका लहान व्हॉल्व्हचे नमुने करायला दिले. तेवढ्यावर मी परतलो. आज ते काम चालू आहे, पण पहिल्या कामाच्या मानाने ते थोडेच.

गिफाचे पुढचे प्रदर्शन २०२७ साली आहे. आमच्या वसाहतीतली तरुण मुले आतापासून विचारायला येतात, “काका, चांगला एजंट कोण?” मी त्यांना सांगतो, टंकलेखनाला, तारीख घ्यायला खुशाल माणूस लावा, त्याची फी द्या. पण फाइल घरी आणा, शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि मगच सही करा. ज्या कागदाखाली आपले नाव आहे, त्यातला शब्द न् शब्द आपला असला पाहिजे.