गुणपत्रिकेपलीकडचा गौरव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात झालेले भाषण)



शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार आपण आताच टाळ्यांच्या गजरात केला. यापुढे जिला व्यासपीठावर बोलावावयाचे आहे, तिचे नाव त्या यादीत नाही. दहावीस तिला मध्यम गुण मिळाले. मग हे वेगळे पारितोषिक कशाबद्दल, अशी पृच्छा काही सभासदांनी केली आहे. ती रास्त आहे. आणि तिचे उत्तर देण्याचे काम कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविले आहे.

आठवीत असताना ही मुलगी चारचौघांत स्वतःचे नावही धड सांगत नसे. शेजारच्या दोन लहान मुलांना घरी अभ्यासास जागा नव्हती, म्हणून ती त्यांना घेऊन संध्याकाळी आपल्या कार्यालयाच्या ओसरीवर बसू लागली. दोनांची पाच झाली, पाचांची तेवीस झाली. तेव्हा तिने एका जुन्या वहीत हजेरी मांडली व वेळापत्रक आखले. गणितात हुशार असलेल्या नववीतील एका मुलाकडे गणित दिले, वाचन स्वतःकडे ठेवले. दहावीच्या परीक्षेमुळे ती महिनाभर येऊ शकली नाही. तरी वर्ग एक दिवसही बंद पडला नाही. आपल्यावाचून चालू राहील असे काम उभे करणे पुष्कळ थोरामोठ्यांनाही साधत नाही.

त्या तेवीस मुलांत आपल्या ज्ञातीची नऊ, बाकीची आसपासच्या वस्तीतील. यावरून कुरकुर झाली. कार्यालय आपल्या वर्गणीचे, विजेचे बिल आपण भरावयाचे, आणि लाभ इतरांनी घ्यावयाचा काय, असा प्रश्न आला. मुलगी वही घेऊन कार्यकारी मंडळापुढे उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, "काका, नऊ मुलं बसली तरी दिवा एकच लागतो, तेवीस बसली तरी एकच." परीक्षा संपेपर्यंत परवानगी मिळाली. ती मुदत आता संपली आहे.

या प्रसंगी आम्हांस एका जुन्या सत्काराचे स्मरण होते. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून एक विद्यार्थी मॅट्रिक उत्तीर्ण झाला. गुण ७५० पैकी २८२. संस्कृत शिकण्याची ओढ असूनही अस्पृश्य म्हणून त्यास ते शिकू दिले गेले नाही. फारसी घ्यावी लागली. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्याच्या अभिनंदनाची सभा भरली, तिचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यास भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत आधीच भरला होता. बोले काय, केळूसकर काय, दोघेही त्या मुलाच्या जातीचे नव्हते.

सत्कार तेथेच संपला नाही. पुढे शिक्षण अडले, तेव्हा केळूसकरांनीच त्यास सयाजीराव महाराजांकडे नेले व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये तोच विद्यार्थी बडोद्याच्या साहाय्याने कोलंबिया विद्यापीठात गेला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात, हा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मांडणारे गृहस्थ म्हणजे त्या सभेचे अध्यक्ष बोलेच. आणि तो हक्क कागदावरून प्रत्यक्षात आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते डॉ. आंबेडकर. भेट मिळालेल्या चरित्राच्या नायकाचा धम्म त्यांनी १९५६ साली नागपुरास स्वीकारला.

प्रत्येक सत्कारातून आंबेडकर निर्माण होत नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु शाल, श्रीफळ आणि छायाचित्र यांवर सत्कार संपवावा की पुढे चालवावा, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. केळूसकरांनी मुलातील वाढ पाहिली, त्यास विचारपूर्वक निवडलेले पुस्तक दिले आणि गरज पडली तेव्हा त्याच्यासाठी दुसऱ्याचे दार ठोठावले. तेच आपणांसही करता येईल.

म्हणून तीन सूचना आम्ही सभेपुढे ठेवतो. या मुलीस आज रोख रकमेबरोबर तिने स्वतः निवडलेली पुस्तके द्यावीत. तिचे उच्च शिक्षण पुरे होईपर्यंत प्रवेश, शुल्क व वसतिगृह यांची विचारपूस एका सभासद कुटुंबाने आपल्या अंगावर घ्यावी. आणि कार्यालयाची ओसरी रोज सायंकाळी दोन तास, जात न विचारता, अभ्यास करणाऱ्या प्रत्येक मुलास खुली राहील, असा ठराव आजच्या सर्वसाधारण सभेने मंजूर करावा.

पहिल्या दोन गोष्टींनी तिचे भले होईल. तिसरी झाली नाही, तर जिच्या कामाबद्दल आपण टाळ्या वाजविणार, ते काम आपल्याच हाताने बंद केल्यासारखे होईल. आपण तसे होऊ देणार नाही, असा आम्हांस भरवसा वाटतो.

आता अध्यक्षमहाराजांनी तिला व्यासपीठावर बोलवावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.