सुतासारखा बारीक जंत

(घाटकोपरच्या डोंगरवस्तीत प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक बाई मागे थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, गावाकडे पोरे उघड्यावर बसत, अनवाणी हिंडत. तेव्हा जंत होत, ते समजले. इथे नळ आहे, संडास आहे, पोरीच्या पायांत चपला आहेत. मग हिला जंत कुठून झाले?"

प्रश्न चांगला आहे. आज त्यावरच बोलतो. कोणी लाजू नका. हे दुखणे घरोघरचे आहे.

जंत एकाच जातीचे नसतात. एक असतो गांडुळासारखा लांब. त्याची अंडी मातीतून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. दुसरा अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्यातले रक्त पितो. या दोघांना संडास आणि चपला आवर घालतात. पण आणखी एक आहे, सुतासारखा पांढरा, बारीक. त्याची मादी जेमतेम नखाएवढी लांब. याला माती लागत नाही. कुत्र्यामांजरांपासून तो येत नाही. तो माणसाकडून माणसाकडे जातो. एका खोलीत सात माणसे आणि एका गोधडीखाली तीन पोरे, असे घर त्याला फार मानवते. बंगल्यातही तो असतो बरे! तिथे बोलत नाहीत इतकेच.

आता त्याची चाल ऐका. पोर झोपले की मादी आतड्यातून खाली उतरते, गुदद्वाराबाहेर येते आणि तिथल्या कातडीवर सुमारे १०,००० अंडी घालते. तिथे खाज सुटते. पोर झोपेत खाजवते. अंडी नखांत अडकतात. पाचसहा तासांत ती पोटात जायला तयार होतात. सकाळी तेच बोट तोंडात जाते, भाकरीला लागते, धाकट्या भावाच्या गालाला लागते. पोटात गेलेल्या अंड्याचा महिन्याभरात नवा जंत होतो. गोधडी झटकली की अंडी खोलीभर उडतात. कपड्यांवर ती दोनतीन आठवडे जगतात, ओलसर जागी जास्तच.

गूळ खाल्ल्याने, गोड खाल्ल्याने जंत होतात म्हणतात. नाही हो! अंडे गिळल्याशिवाय हा जंत होत नाही.

बाई म्हणाल्या, "पण शी तपासून आणली. काही निघाले नाही." कागद खोटा नव्हता. मादी अंडी घालते ती बाहेर, कातडीवर. मग शौचात ती सापडणार कशी? बहुतेक वेळा सापडतच नाहीत. म्हणून पाहायचे ते दुसरीकडे. पोर झोपून दोनतीन तास झाले की बॅटरी घेऊन त्या जागी पाहावे. पांढरे सूत वळवळताना दिसते. नाही दिसले, तर सकाळी उठल्याबरोबर, शौचाला जाण्याआधी, अंग धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून काढावी आणि दवाखान्यात न्यावी. ती काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहतात. एका सकाळी अंडी नाही मिळाली तर तीन सकाळ असे करावे.

रात्री खाज असली की पोराला झोप नाही. ते चिडते, वर्गात चुळबुळ करते. मुलींना पुढच्या बाजूलाही खाज येते. मी शिक्षक असताना अशी चुळबुळ करणाऱ्या पोरांना बाकावर उभे केले आहे. रात्री झोप लागते का, हे कधी विचारले नाही. आज ते आठवले की बरे वाटत नाही.

औषध सोपे आहे. अल्बेंडाझोलची गोळी. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला, महाराष्ट्रातही तेव्हापासूनच. त्या दिवशी शाळेत आणि अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना हीच गोळी देतात. पण या जंताला तेवढे पुरत नाही. शाळेत पोराने गोळी घेतली आणि घरी आजीच्या, बापाच्या पोटात जंत राहिले, तर पोराला पुन्हा होणार. म्हणून डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावी. गरोदर बाईने आणि दोन वर्षांखालच्या मुलासाठी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. गोळीने जंत मरतात, अंडी सगळी मरत नाहीत. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी गोळी लागते. ही दुसरी गोळीच लोक विसरतात.

त्या दिवशी सकाळी पोरांचे ढुंगण साबणाने धुवावे, नखे कापावीत. अंथरूण न झटकता गुंडाळून गरम पाण्यात धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. रात्री पोराला घट्ट चड्डी घालावी. जेवणाआधी आणि शौचानंतर हात साबणाने धुवावेत, हे तर रोजचेच.

त्या बाईंनी रात्री बॅटरीने पाहिले. जंत दिसले. दवाखान्यातून सात माणसांच्या गोळ्या आणल्या. सासूबाई म्हणाल्या, "मला काही होत नाही, मी नाही घेणार." दोन दिवस बोलणी झाली. शेवटी नातीने हट्ट केला, तेव्हा घेतली. आता दुसऱ्या गोळीची तारीख बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. स्वतःच्या हाताने.