पाव आणणाऱ्याने पाव वाढू नयेत

मोबाईलवर विजेचे बिल भरताना आपण ‘भरा’ या बटणावर बोट ठेवतो आणि पडदा गोठतो. पैसे गेले की राहिले, कळत नाही. मग माणूस पुन्हा तेच बटण दाबतो. ‘नेट स्लो आहे’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते, पण नेट मंद असले म्हणून पडदा गोठायचे कारण नाही. तो गोठतो, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कामाची वाटणी नीट केलेली नसते. असे प्रोग्रॅम लिहिणे हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून आज त्या वाटणीविषयी बोलतो.

एका प्रोग्रॅममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालू ठेवता येतात. अशा प्रत्येक कामाला आम्ही थ्रेड, म्हणजे धागा म्हणतो. एक धागा पडदा सांभाळतो, दुसरा दूरच्या सर्व्हरशी बोलतो. सर्व्हरचे उत्तर क्षणात येईल किंवा अर्ध्या मिनिटाने. कधी येणारही नाही.

आता रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एखाद्या मिसळीच्या हॉटेलात चला. बाकडी भरलेली, बाहेर नंबर लावून माणसे उभी. पाव संपत आले. वाढपीच बेकरीत धावला तर इकडे रस्सा मागणाऱ्याला कोणी विचारणार नाही. गोठलेला पडदा तो हाच. म्हणून पाव आणायला वेगळा पोरगा असतो. अँड्रॉइड फोनमध्ये २०११ सालापासून नियमच आहे, की पडद्याच्या धाग्याने स्वतः नेटवर्कला हात घातला तर प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो.

दोन माणसे नेमली की प्रश्न सुटला, असे मात्र नाही. समजा, शिल्लक पावांचा आकडा पाटीवर लिहिलेला आहे : ४०. वाढप्याने तो वाचला, ६ पाव उचलले आणि मनात ३४ धरले. तेवढ्यात पोरगा १०० पाव घेऊन आला. त्यानेही ४० वाचले आणि १४० लिहिले. मग वाढप्याने येऊन आपले ३४ लिहिले. टोपलीत पाव १३४, पाटीवर ३४. दोघांपैकी कोणाचीही बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही! आणि हे रोज घडत नाही, दोघे नेमके एकाच वेळी पाटीशी आले तरच घडते. म्हणून चाचणीत सहसा सापडत नाही.

पाटीच्या जागी रुग्णाचा किरणोपचार ठेवा. थेरॅक-२५ नावाच्या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात ६ रुग्णांना भलताच मोठा डोस दिला. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ साली दोघे त्यात दगावले. चालक बाईंनी किरणांचा प्रकार चुकीचा टाइप करून लगेच दुरुस्त केला होता. यंत्रातली चुंबके जुळायला सुमारे ८ सेकंद लागत. त्या अवधीत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसली, पण यंत्र जुळवणाऱ्या कामापर्यंत पोचलीच नाही. दोन्ही कामे एकाच सामायिक जागेत लिहीत-वाचत होती. सरावाने बाईंचा हात चालू लागला होता, म्हणून दोष उघडा पडला. सावकाश टाइप करणाऱ्याला तो दिसला नसता.

यावर एक उपाय कुलपाचा : खडू एकच ठेवायचा, ज्याच्या हाती खडू त्यानेच पाटीला हात लावायचा. पण पुसायला फडकेही लागते. एकाने खडू धरला, दुसऱ्याने फडके धरले आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत उभे राहिले, तर हॉटेल बंद. आमच्या धंद्यात हे नेहमीचे आहे.

मला चिठ्ठीची पद्धत जास्त पटते. पाटी फक्त वाढप्याची. पोऱ्याने पाव खिडकीत ठेवायचे, ‘१०० आणले’ अशी चिठ्ठी लावायची आणि बाजूला व्हायचे. ना पाटीला हात, ना ताटाला. वाढपी हातातले काम संपवून चिठ्ठी घेतो आणि आकडा बदलतो. चिठ्ठी एकदा लावली की तिच्यात खाडाखोड नाही. बदल असेल तर नवी चिठ्ठी. आणि चिठ्ठ्या ओळीने लावाव्यात, तारेत खोचू नयेत. तारेत खोचल्या तर शेवटची आधी हाती येते आणि पहिले गिऱ्हाईक ताटकळत राहते.

एक पेच तरीही उरतो. पोरगा परत येईपर्यंत गिऱ्हाईकच उठून गेले तर? म्हणजे उत्तर येण्याआधी तुम्ही ते पान बंद केलेत. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर मेजाचा नंबर हवा आणि वाढप्याने वाढण्याआधी मेजावर कोणी आहे का, हे पाहायला हवे. मागवलेले उत्तर एखादा फोटो असेल, तर खुशाल टाकून द्यावा. पण ‘पैसे मिळाले’ अशी चिठ्ठी असेल, तर मेज रिकामे असले तरी ती आधी वहीत उतरवावी लागते. आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा आले, त्याच बिलाचे पैसे पुन्हा देऊ लागले, तर ती वही उघडून त्याला दाखवावी लागते.