आजीचा डबा

मी सैन्यात रुजू होण्यापूर्वी घरी एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा झाला. निघताना आजीने त्याचा डबा दिला. मित्र हसतील, या संकोचाने मी तो जोड्यांच्या कपाटात दडवला. नेगेवच्या थंडीत रात्री पहारा करताना साखर-खोबरे घातलेले ते पोहेच आठवत.

पहिल्या रजेत, शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिमोना येथील घरी पोहोचलो. आईने कढत पाणी काढून ठेवले होते; नारळाच्या रसातील माशांचे कालवण शिजत होते. त्या स्नानाचे सुख काय वर्णावे!

किद्दूशनंतर आजीने विचारले, "मित्रांना मलिदा आवडला ना?"

मी "हो" म्हणालो. डबा आईलाच सापडला होता. तिने मुकाट्याने मला आणखी कालवण वाढले.

आज आजी नाही. म्हणून हे आपल्यापुढे सांगतो.