होडीवरचा जनरेटर सुरू होत नाही, तेव्हा आधी काय बघायचं?

आज आम्ही बोलणार आहोत एका यंत्राबद्दल. आमच्या भागातल्या तीन बचत गटांची मिळून एक होडी आहे. पर्यटकांना खाडीत फिरवायचं, संध्याकाळी होडी नांगरून गरम जेवण वाढायचं, असा आमचा व्यवसाय. होडीवरचे दिवे, पंखा आणि मिक्सर चालतो तो एका जुन्या पेट्रोल जनरेटरवर.

आता दर वर्षीचं चित्र बघा. पावसाळ्यात होडी वर ओढून शाकारलेली असते. नारळी पौर्णिमा होते, होडी पाण्यात जाते आणि जनरेटरची दोरी ओढून ओढून खांदे भरून येतात. तो काही सुरू होत नाही. मेकॅनिक तालुक्याच्या गावाला. तो आला की म्हणतो, "जुना झालाय, नवा घ्या." नवा घ्यायचा म्हणजे गटाच्या बचतीतून. त्याच पैशातून कुणाच्या मुलीची फी भरायची असते, कुणाला शेळी घ्यायची असते. म्हणून आम्ही ठरवलं, नवा घेण्याआधी जुन्याला नीट विचारायचं. आणि विचारायचं ते क्रमाने.

पण यंत्राच्या आधी माणसं. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, अंगातली शक्ती जाते. होडीवर असं झालं की सगळे म्हणतात, "बोट लागली असेल." तिथेच धोका आहे. खाडीत जन्म गेलेल्या बाईला उगीच बोट लागत नाही. जनरेटर चालू असताना कुणालाही असा त्रास झाला, तर आधी जनरेटर बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, होडी काठाला लावा आणि १०८ ला फोन करा. लिंबूपाणी देऊन आडवं करू नका.

हे छोटे जनरेटर मोकळ्या जागेत वापरायला बनवलेले असतात. सगळ्यात उत्तम म्हणजे तो धक्क्यावर ठेवायचा. होडीवर ठेवावाच लागला, तर छपराखाली नको, ताडपत्रीच्या आडोशाला नको, खोलीत तर कधीच नको. होडी चालत असताना तो बंद ठेवा, कारण चालत्या होडीच्या मागे हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि धूर परत आत येतो. नांगरलेली होडीसुद्धा भरती-ओहोटीबरोबर आणि वाऱ्याबरोबर फिरते. मघाशी बाहेर जाणारा धूर तासाभराने जेवणाऱ्यांच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून एकीने त्याच कामावर लक्ष ठेवायचं. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही मिळतो. तो होडीवर असावाच.

पेट्रोल भरायचं ते काठावर, इंजिन बंद करून, १५ मिनिटं थंड होऊ देऊन. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. जवळ चूल नको, विडी नको.

आता यंत्राकडे वळू. चूल पेटायला काय लागतं? लाकूड, वारा आणि काडी. इंजिनालाही तेच लागतं. लाकडाच्या जागी पेट्रोल, वाऱ्याच्या जागी एअर फिल्टरमधून येणारी हवा आणि काडीच्या जागी प्लगची ठिणगी. हे सगळं तपासायचं ते जनरेटर काठावर आणून, सपाट जागी ठेवून, थंड असताना.

सगळ्यात आधी ऑइल बघा. बऱ्याच जनरेटरमध्ये एक सेन्सर असतो. ऑइल कमी झालं की तो ठिणगीच बंद करतो. मग कितीही दोरी ओढा, इंजिन पेटणार नाही. होडीवर याचा गोंधळ जास्त होतो. होडी एका बाजूला कलली की ऑइलही एका बाजूला जातं, आणि थोडंसंच कमी असलं तरी सेन्सरला ते संपल्यासारखं वाटतं. पुष्कळदा जनरेटर बिघडलेला नसतो, फक्त वाकडा उभा असतो. झाकणाची पट्टी काढून पुसा, परत घालून बघा, आणि खुणेपर्यंत ऑइल भरा.

दुसरं पेट्रोल. पेट्रोल नासतं, मैत्रिणींनो. दोन-तीन महिने पडून राहिलं की त्याचा चिकट थर तयार होतो. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. आपली हवा किती दमट, ते सांगायला नको. कार्बोरेटरच्या खाली एक लहान वाटी असते, तिला स्क्रू असतो. पेट्रोलचा कॉक बंद करून तो स्क्रू सैल करा आणि आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला, तर ते पाणी. मग टाकीतलं सगळं पेट्रोल काढून ताजं भरा. जुनं पेट्रोल खाडीत ओतू नका. तिसऱ्या काढायला तिथे उतरणाऱ्या आपल्याच बाया आहेत. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

तिसरी हवा. एअर फिल्टरचं झाकण काढा. आत स्पंज असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, दोन थेंब इंजिन ऑइल लावून पिळून बसवा. कागदाचा फिल्टर मात्र धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

चौथी ठिणगी. प्लगपान्याने प्लग काढा आणि त्याचं टोक बघा. फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत चांगली. काळी कोरडी काजळी असेल तर हवा कमी पडतेय किंवा चोक ओढलेला राहतोय. टोक ओलं असेल तर पेट्रोल जास्त झालंय. प्लग पुसा, थोडा वेळ उघडं राहू द्या, मग चोक न ओढता सुरू करून बघा. टोकावरची फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते. ठिणगी उडवून बघण्याच्या फंदात आम्ही पडत नाही, कारण आजूबाजूला पेट्रोलची वाफ असते. एक नवा प्लग डब्यात ठेवतो आणि तो लावून बघतो.

आता काही खास खुणा. जनरेटर सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडतो, थोड्या वेळाने परत सुरू होतो? टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल. इंजिन थंड झाल्यावर झाकण हळूच सैल करा. 'फुस्स' आवाज आला, तर दोष सापडला.

फक्त चोक ओढलेला असतानाच चालतो, नाहीतर मरतो? किंवा आवाज सारखा कमी-जास्त होतो? कार्बोरेटरचा जेट तुंबलाय. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायचो, आठवतं? दुखणं तेच आहे, पण इथे पिन घालायची नाही. ते भोक फार नेमकं असतं, पिनेने मोठं होतं. कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मिळतो, तो वापरा.

इंजिन छान चालतंय, पण दिवा लागत नाही? आधी जनरेटरवरचा ब्रेकर पडलाय का बघा. सगळी उपकरणं काढून तो वर करा, मग एकेक लावा. एखादं लावल्यावर परत पडला, तर दोष त्या उपकरणात आहे किंवा भार जास्त झालाय. सॉकेट खारट हवेने हिरवं पडलंय का, तेही जनरेटर बंद करून बघा. याच्या पुढे आपण थांबायचं. आतल्या कपॅसिटरमध्ये जनरेटर बंद असतानाही वीज साठलेली असू शकते. ते काम इलेक्ट्रिशियनचं. दोरी अगदी सैल, विनाजोर ओढली जात असेल, तर तेही मेकॅनिकचं. पण त्याला फोनवर सांगता येतं, "ऑइल बरोबर आहे, पेट्रोल ताजं आहे, प्लग नवा आहे, दोरीला जोर लागत नाही." मग तो योग्य सामान घेऊन येतो. एका फेरीत काम होतं, आणि "नवाच घ्या" म्हणण्याआधी त्यालाही विचार करावा लागतो.

पुढच्या नारळी पौर्णिमेला दोरी ओढून खांदे दुखू नयेत, याची सोय मे महिन्यातच करायची असते. होडी शाकारायच्या दिवशी टाकी रिकामी करा. काठावर, मोकळ्यावर, उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटरची वाटीही रिकामी करा. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने मीठ पुसा, कोरडं करा आणि घरात उंचावर, झाकून ठेवा.

आणखी एक करा. व्यवहाराची वही ठेवतो तशी जनरेटरची एक वही ठेवा. किती तास चालला, ऑइल कधी बदललं, प्लग कधी घातला, काय बिघडलं, कशाने सुरू झाला. ती लिहायची पाळी दर महिन्याला बदला, म्हणजे हे ज्ञान एकीच्याच हातात राहणार नाही. एखादी आजारी पडली, माहेरी गेली, तरी होडी थांबायची नाही.

येत्या मासिक बैठकीत दहा मिनिटं काढा. जनरेटर मध्ये ठेवा आणि प्रत्येकीला एकदा प्लग काढून परत लावू द्या. पहिल्यांदा हात काळे होतील, साबणाने निघतात.