ओझरचे मिग, फूटपट्टीवर



26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगड येथे मिग-21 हे लढाऊ जेट विमान भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. 1963 पासून बासष्ट वर्षे ते आपल्या आकाशात होते. त्यांतली सहाशेहून अधिक विमाने आपल्याच राज्यात, नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. आता आपल्या मुलांना ते चित्रातच दिसायचे. पण चित्र पाहणे निराळे आणि हाताने करून पाहणे निराळे. म्हणून या विमानाची लाकडी प्रतिकृती कशी करावी, हे आज सांगतो.

आपल्या धाराशिवकडची मुले ज्वारीच्या धाटाचे भेंड आणि चिपाडे घेऊन झकास बैलगाडी करतात. तिचे चाक बैलाहून मोठे झाले तरी कुणी हरकत घेत नाही. खेळण्यात ते खपते, प्रतिकृतीत खपत नाही. इथे सगळ्या भागांना एकच माप लावावे लागते.

एकास पन्नास हे प्रमाण घ्या, म्हणजे एक मीटरचे दोन सेंटिमीटर. मिगच्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, तो झाला 14.3 सेंटिमीटर. लांबी विस्ताराच्या जवळजवळ दुप्पट. आत बसणारा माणूस उभा केला तर साडेतीन सेंटिमीटरही भरत नाही. त्या उंचीचा कागदी माणूस कापून विमानाशेजारी उभा करा. कुठे माप चुकले असेल तर डोळ्याला लगेच खटकेल.

आता गुरुजींनी फळ्यावर एक प्रश्न टाकावा. खरे विमान भरल्या पोटी आठ टनांच्या आसपास. मग प्रतिकृतीचे वजन त्याच हिशेबाने किती? पोरे आठ हजार किलोला पन्नासाने भागून 160 किलो सांगतील. एवढेसे विमान आणि 160 किलो? इथे थांबून त्यांना विचार करू द्या. लांबी पन्नासपट कमी झाली, तशी रुंदीही झाली आणि उंचीही. पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे सव्वा लाख. उत्तर येते 64 ग्रॅम! घनफळाचा धडा असा हातात आला, की विसरला जात नाही.

लाकूड पांगाऱ्याचे घ्यावे. हलके, मऊ, सावंतवाडीची खेळणी त्याचीच होतात. धड नळीसारखे कोरा. नाकाशी हवा आत घेणारे गोल तोंड असते आणि त्यात शंकू. तो वेगाप्रमाणे पुढेमागे सरकून आत येणारी हवा आवरतो, आणि त्याच्याच पोटात रडार. पंख त्रिकोणी. त्यांची पुढची कड धडाच्या मध्यरेषेशी 33 अंशांचा कोन करते. कोनमापक लावूनच पट्टी कापा. पंख टोकाकडे किंचित खाली झुकलेले असतात, तेही विसरू नका.

रंगाआधी ठरवा, कोणत्या काळचे विमान? सुरुवातीला ही विमाने बिनरंगी, चंदेरी धातूची होती. 1971 च्या युद्धात त्यांतल्या बऱ्याच विमानांवर हिरवे-तपकिरी पट्टे चढले. चंदेरी करायचे तर लाकडाला लांबी भरून बारीक पॉलिश पेपरने चांगले घासा, कारण रुपेरी रंग एक ओरखडाही झाकत नाही. हिरवा द्यायचा तर त्यात थोडा पांढरा मिसळा. बालाघाटाची हिरवी रांग दुरून निळसर-करडी दिसते ना? छोटे विमान म्हणजे दुरून पाहिलेले विमान. हात दोन-तीन द्यावेत, पण पातळ. शेवटी वर्तुळाकार खूण: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा.

मुले विचारतील, हे विमान पडायचे ना? होय, पडायचे. त्याच्या अपघातांत अनेक तरुण वैमानिक गेले. ते लपवू नये. 14 डिसेंबर 1971 रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर चालून गेलेली विमाने हीच होती, हे सांगताना तेही सांगावे.

नाकावरची लांब दांडी वेग मोजण्यासाठी असते. ती सुईची करा आणि सगळ्यांत शेवटी बसवा, नाहीतर घासताना मोडते. सुईचे टोक मात्र कानशीने बोथट करा. मुले विमान हातात घेणारच.